तीच वीणा, तोच राजा

शास्त्रपाठ : १ शमुवेल १६:१४-२३, १ शमुवेल १८:६-११, १ करिंथ ८:९-१३.

उद्देश : संगीत ऐकताना ऐकणाऱ्याच्या मनात काय घडते हे समजून घेणे, व मंडळीत एकमेकांच्या कानांचा विचार करण्यास शिकणे.

शौल राजा व दावीद यांची हकिगत रविवारच्या शाळेतील लहान मुलांनाही ठाऊक असते. राजा अस्वस्थ झाला की दावीद वीणा वाजवी व राजाला चैन पडे. बहुतेक वर्गांत धडा येथेच संपतो, आणि गोड वाद्य वाजले की मन आपोआप शांत होते असे समजून मुले घरी जातात. पण दोन अध्याय पुढे वाचा. राजा तोच, वीणा तीच, वाजवणाराही तोच. आणि या वेळी राजा भाला फेकतो. मध्यंतरी काय घडले? विजयानंतर नगरोनगरच्या स्त्रिया गात-वाजवीत बाहेर आल्या आणि त्यांच्या गाण्यात दावीदाला शौलापेक्षा मोठे ठरवले गेले. ते गाणे राजाच्या मनात सलत राहिले. वीणा बदलली नव्हती. ऐकणारा बदलला होता.

गायनाविषयी आपण बोलतो तेव्हा गाणाऱ्याचाच विचार करतो. आज ऐकणाऱ्याचा विचार करू.

१. कान एकटा ऐकत नाही

आवाज म्हणजे हवेतील कंपने. ती कानाच्या पडद्यावर आदळतात, तीन इवल्याशा हाडांतून आत जातात आणि शंखासारख्या भागातील सुमारे १५,००० सूक्ष्म पेशींना हलवतात. तेथून संदेश मेंदूकडे जातो. येथपर्यंत निरोगी माणसांचे कान सारखेच. पण मेंदू नुसता ऐकत बसत नाही. पुढे काय येणार याचा तो सतत अंदाज बांधीत असतो. तबल्यावर सम आली की आपली मान हलते ती याचमुळे. समेची वाट आपण आधीपासूनच पाहत असतो. आणि हा अंदाज बांधला जातो तो आजवर ऐकलेल्या गाण्यांवरून.

ठेक्याची जाण फार लवकर येते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दोन-तीन दिवसांच्या झोपलेल्या बाळांना ढोलाचा ठेका ऐकवला. मुख्य ठोका मुद्दाम गाळला की त्यांच्या मेंदूत वेगळी खूण उमटे. दुसरा अभ्यास २००५ सालचा. अमेरिका व कॅनडा येथील संशोधकांनी बाल्कन देशांतील विषम ठेक्यांची गाणी ऐकवली. आपला सात मात्रांचा रूपक जसा सारख्या भागांत पडत नाही, तसलेच हे ठेके. सहा महिन्यांच्या बाळांना त्यांतील चूक ओळखता आली. एक वर्षाच्या बाळांना आली नाही, आणि तेथील मोठ्या माणसांनाही आली नाही. फक्त बाल्कन देशांत वाढलेल्या प्रौढांना आली. मात्र वर्षाच्या बाळांना दोन आठवडे घरी ती गाणी ऐकवताच त्यांचे कान पुन्हा उघडले. प्रौढांचे तितके उघडले नाहीत.

शिक्षकहो, यातून आपली जबाबदारी केवढी आहे पाहा. लहान मुलांचे कान उघडे असतात. त्यांत आपण जे घालू त्यावर त्यांचे उद्याचे ऐकणे अवलंबून राहील.

२. एका नदीचे दोन काठ

हे समजण्यास दूर जावयास नको. गोमंतकात बार्देश व पेडणे यांच्या मधून शापोरा नदी वाहते. बार्देश, तिसवाडी व सासष्टी हे पोर्तुगिजांचे जुने मुलूख. तेथे चर्चच्या शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या मुले पाश्चात्त्य स्वरलिपी व व्हायोलिन शिकली, आणि त्याच मातीत मांडो उगवला. पेडणे व डिचोली हे तालुके मात्र अठराव्या शतकाच्या अखेरीस त्या राज्यात आले. तोवर सक्तीचा जुना जोर ओसरला होता. देवळे टिकली व त्यांबरोबर भजन, चवथीची आरती आणि दशावतारी खेळही टिकले. म्हणून मैला-दोन मैलांच्या अंतरावर वाढलेल्या दोन मुलांच्या कानांत दोन वेगळी जगे असू शकतात.

आता घुमटाचेच पाहा. मातीचे मडके, दोन्हीकडे तोंडे. मोठे तोंड चामड्याने मढवलेले, लहान तोंड उघडे ठेवून डाव्या हाताने झाकायचे-उघडायचे. पूर्वी घोरपडीचे कातडे लावीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर घोरपड मारणे गुन्हा ठरले, आणि आता बकऱ्याचे कातडे लावतात. जुन्या कानांना हा फरक कळतो. २०१९ साली गोवा सरकारने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान दिला. हिंदू घरांत चवथीला शामेळ व कांसाळ्यांबरोबर हेच घुमट आरतीस वाजते, आणि ख्रिस्ती घरांत मांडोला साथ करते. मडके एकच, पण एकाला ते ऐकून देव्हारा आठवतो, दुसऱ्याला लग्नघर.

आपल्या पूर्वसूरींनी ही गोष्ट ओळखली होती. इंग्लंडातून गोव्यास आलेल्या फादर स्टीफन्स यांनी ख्रिस्तपुराण ओवीत रचले व ते १६१६ साली रायतूर येथे छापले. नव्या ख्रिस्ती लोकांचे कान पुराण ऐकण्यास सरावलेले होते. पुढे रेव्हरंड ना. वा. टिळकांनी (१८६१-१९१९) अभंग, भजन व कीर्तन यांतून सुवार्ता सांगितली ती याच जाणिवेने.

३. शांती लवकर ओळखता येत नाही

१९९९ साली प्रसिद्ध झालेला आणखी एक अभ्यास आम्हांस फार विचार करावयास लावतो. हिंदुस्थानी संगीताची सवय नसलेल्या पाश्चात्त्य श्रोत्यांना रागांचे तुकडे ऐकवून त्यांत कोणती भावना आहे असे विचारले. आनंद त्यांना कळला, दुःख कळले, रागही कळला. जलद लय, संथ लय, आवाजाचा जोर अशा खुणा परक्यालाही पोहोचतात. पण जे तुकडे शांती दाखवण्यासाठी वाजवले होते, त्यांतील शांती मात्र त्यांना नीट ओळखता आली नाही.

दुसऱ्याचा आनंद आपणांस दुरूनही कळतो. त्याची शांती कळण्यास त्याच्याजवळ बसावे लागते.

४. एका घरातील प्रार्थनासभा

काही वर्षांपूर्वी डिचोली तालुक्यातील एका घरी प्रार्थनासभेस जाण्याचा आम्हांस योग आला. एका तरुणाने घुमट आणले होते. गीत सुरू होताच मुलांचे चेहरे उजळले. मोठी माणसेही टाळ्या वाजवू लागली. इतक्यात एक वृद्ध भगिनी उठून बाहेर पडवीत जाऊन बसल्या. आम्ही मनाशी म्हटले, जुन्या वळणाच्या आहेत, नवे काही खपत नाही. असा निवाडा आम्ही न विचारताच दिला, हे कबूल केले पाहिजे.

सभा संपल्यावर तो तरुणच त्यांच्याजवळ गेला.

“आजी, माझं वाजवणं आवडलं नाही का?”

“आवडतं रे बाळा, म्हणून तर उठले. माझे बाबा चवथीला घुमट वाजवायचे. बाप्तिस्मा घेतल्यावर त्या घराचं दार मला बंद झालं. ते वाजलं की मला बाबा दिसतात. मग प्रार्थना कुठली सुचायला?”

तरुण गप्प झाला. थोड्या वेळाने म्हणाला, “मग मी बंद करतो.”

“बंद नको करू. पोरं बघ कशी गात होती. फक्त पहिलं कडवं नुसतं गाऊ या. शब्द आधी येऊ देत, मग तुझं घुमट येऊ दे.”

पुढच्या महिन्यात तसेच झाले. आजी आत बसल्या. डोळे पुसत होत्या, पण बसल्या.

मूर्तीला दाखवलेल्या अन्नाविषयी पौल लिहितो तेव्हा अन्नात दोष आहे असे तो म्हणत नाही. दुसऱ्याच्या मनात ते काय जागे करते हे पाहा, एवढेच त्याचे सांगणे. वाद्यालाही हाच नियम लावता येईल. पेटी की ऑर्गन, तबला की घुमट, यावरून अनेक मंडळ्यांत कटुता येते. “हे वाद्य चालेल काय?” असे आपण विचारतो. “हे वाजले म्हणजे तुम्हांला काय ऐकू येते?” असे एकमेकांना विचारले, तर निम्मे वाद उरणार नाहीत.

५. शिक्षकांसाठी

पेडण्यातील मालपे गावच्या अंजनीबाई मालपेकर (१८८३-१९७४) भेंडीबाजार घराण्याच्या थोर गायिका. लहानपणीच नाव कमावलेले कुमार गंधर्व त्यांच्याजवळ शिकण्यास गेले. तालमीत शिष्य गाण्याआधी पुष्कळ ऐकतो. आपल्या वर्गातही एक गीत आधी दोनदा शांतपणे ऐकवा. मग प्रत्येक मुलाला काय आठवले ते सांगू द्या, व कोणाचेही उत्तर चूक ठरवू नका.

चर्चेसाठी प्रश्न

१. शौलाच्या मनात दुसऱ्या वेळी वीणेआधीच कोणते गाणे चालू होते? उपासनेस येताना आपल्या मनात काय चालू असते?

२. आपल्या मंडळीत कोणत्या वाद्यामुळे वा चालीमुळे कोणी दूर बसते काय? त्यांना कारण विचारले आहे काय?

३. यहेज्केल ३३:३०-३३ वाचा. गोड गळ्याच्या गायकाला ऐकावे तसे लोक संदेष्ट्याला ऐकत, पण करीत काहीच नसत. डोलणे व प्रतिसाद देणे यांत फरक कोणता?