चौकटीतील सारस

पावसाळा सुरू झाला, की उत्तर प्रदेशातील इटावा व मैनपुरी भागांतील भातखाचरांत आणि पाणथळ जागी सारसांच्या जोड्या घरटी बांधू लागतात. सारस हा उडणाऱ्या पक्ष्यांमध्ये जगातील सर्वांत उंच पक्षी होय. त्याची उंची सुमारे १.८ मीटरपर्यंत भरते. नर आणि मादी दिसण्यात सारखेच. नर किंचित मोठा. दोघे वर्षानुवर्षे एकत्र राहतात आणि अंडी आळीपाळीने उबवतात. महाराष्ट्रात गोंदियाच्या परिसरात हा पक्षी अल्प संख्येने आढळतो.

अशा जोडीचे छायाचित्र घेणे हे संयमाचे काम आहे. भिंगाचे छिद्र मोठे ठेवले, की मागचा देखावा धूसर होतो आणि पक्षी उठून दिसतो. परंतु त्यामुळे एक पक्षी स्पष्ट व दुसरा अस्पष्ट येण्याचा संभव असतो. म्हणून दोन्ही पक्षी कॅमेऱ्यापासून सारख्या अंतरावर येईपर्यंत छायाचित्रकार थांबतो. तो खाली बसून पक्ष्याच्या पातळीवरून पाहतो. बांधावरून दोन पावले सरकल्यानेही मागचे झुडूप चौकटीबाहेर जाते. मात्र अधिक जवळ जाण्याचा मोह तो आवरतो. कारण घरट्यावरील पक्षी घाबरून उठला, तर उघडी पडलेली अंडी कावळे व कुत्रे पळवतात. दूरचे दृश्य जवळ आणणारे भिंग याचसाठी असते.

एवढे करूनही मागे काही ना काही उरतेच : एखादा खांब, विजेच्या तारा, ट्रॅक्टर. संगणकावर हे सारे पुसता येते. चित्राची कड कापणे किंवा उजेड थोडा वाढवणे, याने दृश्याचा अर्थ सहसा बदलत नाही. पण वस्तू नाहीशी करणे ही वेगळी गोष्ट आहे. शेतावरून गेलेल्या विजेच्या तारांना धडकून सारस मरतात. या तारा पुसल्या, की चित्र देखणे होते. पण त्या जोडीवरील संकटही त्याबरोबर पुसले जाते. ट्रॅक्टर पुसला, तर सारस निर्जन रानात राहतो, असा पाहणाऱ्याचा समज होतो. वास्तविक तो शेतकऱ्याच्या सोबतीने जगणारा पक्षी आहे. त्याचे घरटे टिकणे पुष्कळदा त्या शेतकऱ्याच्याच हाती असते.

भिंतीवर लावण्याच्या चित्रातून खांब काढला, तर त्यात गैर काही नाही. मात्र तेच चित्र वृत्तपत्रात, अभ्यासात किंवा स्पर्धेत द्यायचे असेल, तर केलेला बदल सांगितला पाहिजे आणि मूळ चित्र जपून ठेवले पाहिजे. नजरेला खुपणारी प्रत्येक वस्तू निरुपयोगी नसते. कधी कधी तीच त्या चित्राची साक्ष असते.

शब्दार्थ
खाचर – बांध घातलेले भाताचे शेत
पाणथळ – पाणी साचून राहणारी जागा
धूसर – अस्पष्ट
साक्ष – पुरावा

स्वाध्याय
१. दोन्ही पक्षी सारख्या अंतरावर येईपर्यंत छायाचित्रकार का थांबतो?
२. चित्रातील विजेच्या तारा पुसल्याने कोणते सत्य झाकले जाते?
३. तुमच्या परिसरातील एखाद्या पक्ष्याचे निरीक्षण करा. त्याच्यामागे काय काय दिसते, ते पाच वाक्यांत लिहा.