प्लॉट घेण्याआधी वावर वाचा

संत्र्याचा बाग विकून हाती आलेला पैसा कुठे गुंतवायचा, हा प्रश्न आमच्या कारंज्यात घरोघरी निघतो. गाव नागपूर-अमरावती महामार्गावर असल्याने उत्तर तयार असते: ‘रोड टच प्लॉट घ्या.’ माझ्या मामांनी तेच केले. चुन्याच्या रेघा, सिमेंटचे खांब आणि रंगीत नकाशा पाहून त्यांनी इसार दिला, पुढे हप्तेही भरले. खरेदीची वेळ आली तेव्हा कळले की सातबाऱ्यावर ती जमीन शेतीच आहे, तिच्यावर कर्जाचा बोजा आहे आणि मालकाच्या बहिणींनी विक्रीला संमती दिलेली नाही. पैसे अडकले ते अडकलेच. मामांसोबत पटवारी, तहसील आणि वकिलांकडे फिरताना जे समजले, ते पहिल्यांदा प्लॉट घेणाऱ्यांच्या कामी यावे म्हणून लिहितो आहे.

पहिली गोष्ट, नकाशा काढल्याने वावराचा प्लॉट होत नाही. विदर्भात १९५८ च्या कूळ कायद्याच्या कलम ८९ नुसार शेतकरी नसलेल्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. त्यावर १९४७ चा तुकडेबंदी कायदा आहे. २०२३ पासून प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीसाठी २० गुंठे आणि बागायतीसाठी १० गुंठे आहे. दीड हजार चौरस फुटांचा प्लॉट म्हणजे दीड गुंठ्याहूनही कमी. अलीकडे या कायद्यात सवलती आल्या आहेत, पण त्या आपल्या गटाला लागू आहेत का, हे विकणाऱ्याच्या तोंडून ऐकू नका, तहसील कार्यालयातून लेखी घ्या. ‘एनएटीपी’ म्हणून जाहिरात असेल तर अकृषिक आदेश आणि मंजूर ले-आऊट यांच्या प्रती मागा. आदेशातला गट क्रमांक आणि सातबाऱ्यावरचा गट क्रमांक एकच आहे का, ते जुळवून पाहा.

सातबारा स्वतः काढा. डिजिटल सहीचा उतारा ऑनलाइन मिळतो. ‘इतर हक्क’ हा रकाना सावकाश वाचा. सोसायटीचे किंवा बँकेचे कर्ज तिथेच दिसते. भोगवटादार वर्ग २ लिहिले असेल तर परवानगीशिवाय ती जमीन विकता येत नाही. जुने फेरफार पाहिले की वारस कळतात. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलींचा हक्क मुलांइतकाच आहे, तेव्हा बहिणींच्या सह्यांशिवाय व्यवहार करू नका. वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट घ्या आणि वृत्तपत्रात जाहीर नोटीस द्या.

मग जागेवर जा. धुरा कुठे आहे, पांदण नकाशावर आहे की नुसती वहिवाटीची, हे शेजारच्या शेतकऱ्याला विचारा. शासकीय मोजणीची ‘क’ प्रत मागा. ‘समृद्धी महामार्ग जवळच आहे’ एवढ्यावर भाव वाढवून देऊ नका. त्या महामार्गावर इंटरचेंजशिवाय चढता-उतरता येत नाही, त्यामुळे रस्ता डोळ्यांसमोर असला तरी आपल्या जागेला वाट मिळेलच असे नाही. आपल्या तालुक्याला बोर व्याघ्र प्रकल्पाचे जंगल लागून आहे. त्या बाजूची जमीन पर्यावरण-संवेदनशील क्षेत्रात येते का, तेही तपासा.

पैसे देताना बँकेतूनच द्या. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोख घेण्यास आयकर कायद्याने मनाई आहे, आणि रोख दिलेल्या पैशाचा पुरावा नंतर शोधावा लागतो. इसारपत्राने मालकी मिळत नाही, ती नोंदणीकृत खरेदीखतानेच मिळते. ५०० चौरस मीटरहून मोठ्या जमिनीवर प्लॉट पाडून विकायचे असतील तर साधारणपणे महारेराची नोंदणी लागते. नोंदणी क्रमांक विचारा आणि संकेतस्थळावर तपासा. खरेदीनंतर फेरफार मंजूर होऊन आपले नाव चढेपर्यंत काम संपले असे समजू नका.

‘उद्या भाव वाढेल, आजच इसार द्या,’ असे कोणी म्हणाले तर थांबा. ज्याचे कागद स्वच्छ आहेत, तो तपासणीसाठी आठवडाभर थांबायला तयार असतो. आपला पहिला खर्च वकिलाच्या सर्च रिपोर्टवर करा. इसार त्यानंतर.