वारं फिरल्यावर

धाराशिव जिल्ह्यातली मुलं हल्ली पायलट व्हायचंय म्हणून फोन करतात. पहिला प्रश्न खर्चाचा, दुसरा बारावीच्या गणित-फिजिक्सचा, तिसरा चष्म्याच्या नंबरचा. आडव्या वाऱ्याबद्दल अजून एकानंही विचारलेलं नाही. माझ्याही डोक्यात तो प्रश्न कधी आला नव्हता, आणि 22 तासांचं उड्डाण जमा असताना मी एक सेसना 152 धावपट्टीशेजारच्या मुरमात नेऊन घातलं. विमानतळाचं आणि संस्थेचं नाव इथे नको. चूक माझी होती.

जूनचा पहिला आठवडा, पाऊस यायचा होता. एकट्यानं सर्किट मारायचे होते, म्हणजे उडायचं, धावपट्टीला वळसा घालायचा, उतरायचं आणि पुन्हा उडायचं. निघालो तेव्हा वारा सहा नॉट, जवळजवळ समोरून. दोन लँडिंग छान झाली. तिसऱ्या फेरीत पश्चिमेकडून धूळ उठलेली दिसली. रेडिओवर वारा आला: 14 नॉट, झोत 20, धावपट्टीशी 60 अंशांच्या कोनात, डावीकडून. मी नेहमीच्या थाटात ऐकलं म्हणून कळवलं. त्या आकड्यांचा हिशेब काही केला नाही.

हा हिशेब घड्याळावर होतो. वारा आणि धावपट्टी यांच्यात 15 अंशांचा कोन असेल तर तासाचा पाव धरा, 30 असेल तर अर्धा, 45 असेल तर पाऊण आणि 60 किंवा जास्त असेल तर पूर्ण. वाऱ्याचा तेवढा हिस्सा विमानाला आडवा लागतो. त्या दिवशी कोन 60 अंशांचा होता, म्हणजे घड्याळाच्या हिशेबानं 14 च्या 14 नॉट आडवा. काटेकोर गणितानं 12 निघतो, झोतात 17. सेसना 152 च्या पुस्तिकेत आडव्या वाऱ्याचा आकडा 12 नॉटचा आहे. कंपनीच्या कसलेल्या चाचणी वैमानिकानं उतरवून दाखवलेला तो वारा आहे. बावीस तासांच्या पोराला तो परवाना वाटायला नको, आणि मला तर तो आकडा आठवलाही नव्हता.

अंतिम वळण घेऊन समोर आलो तर धावपट्टी डावीकडे सरकत चाललेली. वास्तविक ती जागच्या जागी होती, सरकत मी होतो. सवयीनं नाक डावीकडे, वाऱ्याकडे वळवलं. वेग 60 नॉट, नाक 11-12 अंश तिरकं, आणि विमान खेकड्यासारखं आडव्या अंगानं पण सरळ रेषेत उतरायला लागलं. याला आम्ही क्रॅबच म्हणतो. परंड्याकडे सीनेच्या काठावर वाढलेल्यांना हे वेगळं शिकवावं लागत नाही. पाण्याला ओढ असली की पोहणारा समोरच्या काठाकडे तोंड करत नाही, वरच्या अंगाला करतो, तेव्हा कुठे बरोबर समोर लागतो.

पण क्रॅब असताना चाकं टेकवता येत नाहीत. चाकं ज्या दिशेला तोंड करून आहेत त्या दिशेला विमान चाललेलं नसतं, आणि सगळा आडवा हिसका पायांवर येतो. म्हणून टेकण्याआधी नाक धावपट्टीच्या रेषेत आणायचं, ते उजव्या पायानं, रडरनं. त्याच क्षणी डावा हात एलेरॉन डावीकडे देतो, म्हणजे वाऱ्याकडचा पंख जरा खाली राहतो आणि विमान वाहून जात नाही. पाय नाक सांभाळतो, हात वाहणं सांभाळतो. दोन्ही एकमेकांच्या उलट चालतात, म्हणून नवख्याला ते अंगात मुरेपर्यंत विचित्र वाटतं.

मी पाय दिला, हात दिला नाही. उजवा रडर लागताच डावा पंख उचलला गेला, वाऱ्याला खालून पकड मिळाली आणि मी मध्यरेषेवरून उजव्या कडेकडे सरकायला लागलो. इथे, जमिनीपासून दहा फुटांवर, पूर्ण पॉवर देऊन परत वर जायला हवं होतं. डोक्यात काय होतं ते सांगतो: पैसे. कमर्शियल लायसन्सला 200 तास लागतात. बँकेचं कर्ज होतं आणि वाशीजवळचं आमचं शिवार तारण होतं. एक गो-अराऊंड म्हणजे आणखी सहा-सात मिनिटांचा खर्च. शिवाय हँगरसमोर बॅचची पोरं उभी होती.

उजवं चाक आधी टेकलं, तेही सरकत. मग डावं, मग पुढचं. मी सुटकेचा श्वास सोडला आणि हातही सैल सोडले. खरी चूक ही. तोवरचं सगळं कदाचित भागलं असतं. लँडिंग संपलं असं माझ्या अंगानं ठरवून टाकलं होतं, पण विमान अजून 40 नॉटनं पळत होतं, पंखांत जीव होता आणि पुढचा झोत यायचा होता. तो आला. डावा पंख उठला. शेपटीच्या उभ्या पंखावर वारा बसला आणि देवळाच्या शिखरावरच्या पताकेसारखं नाक वाऱ्याकडे फिरलं. मी घाबरून उजवा पाय दाबला. जास्तच. या विमानात पुढचं चाक रडरच्या पेडललाच जोडलेलं असतं. विमान उजवीकडे गेलं, डांबर संपलं, मुरूम लागला. पुढचा पाय वाकला, प्रोपेलरची टोकं जमिनीला घासली. मला खरचटलंसुद्धा नाही. पण पात्याला असा मार बसला की नुसतं पातं बदलून चालत नाही, इंजिन उघडून तपासावं लागतं. डीजीसीएकडे घटनेची नोंद गेली आणि मी काही काळ जमिनीवर बसलो.

गावी आल्यावर अण्णांना सगळं सांगितलं. मळणीयंत्रं येण्याआधी त्यांनी उभा जन्म खळ्यावर ज्वारी उपणलेली. त्यांना रडर-एलेरॉन कळायचं कारण नव्हतं. त्यांनी एवढंच विचारलं, “वारं फिरल्यावर उपणतंय कोण रं?” उपणणारा वावडीवर पाटी धरून उभा राहतो. वारं पडलं की थांबतो, फिरलं की खाली उतरून वावडी फिरवतो. त्यात त्याला कमीपणा वाटत नाही. पाटी रिकामी केलीच पाहिजे म्हणून डोळ्यांत भूस घेणारा शेतकरी मी पाहिलेला नाही.

तर आता तुमच्यासाठी.

वाऱ्याचं काम इंजिन सुरू केल्यापासून इंजिन बंद करेपर्यंत चालतं. टॅक्सी करतानाही. वारा पुढून-बाजूनं असेल तर एलेरॉन त्याच्याकडे, मागून-बाजूनं असेल तर उलट. उडताना धाव सुरू होते तेव्हा एलेरॉन वाऱ्याकडे पूर्ण, वेग वाढेल तसा कमी, पाय मध्यरेषेवर. चाकं नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ जमिनीवर ठेवा आणि मग निर्धारानं उचला. अर्धवट उचललेलं विमान पुन्हा टेकलं तर ते सरकतच टेकतं. उतरताना क्रम उलटा: वाऱ्याकडचं चाक आधी, मग दुसरं, शेवटी नाक, आणि वेग कमी होईल तसा एलेरॉन वाढवत न्यायचा, कारण त्याचा जोर घटत जातो. विमान थांबेल तेव्हा तो पूर्ण वाऱ्याकडे दिलेला असला पाहिजे. माझा त्या दिवशी मध्यावर होता.

झोत असतील तर झोत आणि सरासरी यांतल्या फरकाचा निम्मा वेग वाढवून या, फ्लॅप कमी ठेवा.

अंतिम वळणाचं वेगळं सांगतो, कारण मुरमात गेलेलं विमान दुरुस्त होतं, तिथली चूक दुरुस्त होत नाही. बेस लेगवर, म्हणजे अंतिम वळणाआधीच्या आडव्या टप्प्यात, वारा पाठीमागून असेल तर तो तुम्हाला मध्यरेषेच्या पलीकडे ढकलतो. मग मोह होतो तो तिरपं, घट्ट वळण घेऊन त्यात पाय दाबून नाक ओढण्याचा. वेग कमी, उंची कमी, पंख स्टॉल झाला तर विमान फिरकी घेतं आणि सावरायला खाली जागा नसते. वळण लवकर सुरू करा. रेषा निसटली तर निसटू द्या, वर जा.

आपल्या भागाचा वाराही ओळखून घ्या. धाराशिव बालाघाटच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून साधारण 650 मीटर उंच. मे महिन्यात पारा 40 वर गेला की इथली हवा साडेपाच हजार फुटांवर असते तितकी विरळ होते. 110 हॉर्सपॉवरचं छोटं इंजिन धापा टाकतं, आणि काटा 60 नॉट दाखवतो तेव्हा विमान खरं 65 नं चाललेलं असतं. दुपारी वावटळी उठतात. विंडसॉक शांत लोंबत असतो आणि दुसऱ्या टोकाला धुळीचा खांब नाचत असतो. जून ते ऑगस्ट पश्चिमेचा वारा ठाण मांडतो. भूम-वाशीच्या माळांवरच्या पवनचक्क्या तेव्हा सगळ्या एकाच दिशेला तोंड करून फिरतात. दिशा समजायला ती खूण चांगली, पण जोर समजायला नाही. ती पाती खूप उंचावर असतात, जमिनीलगत वारा कमी आणि अडखळता असतो. उतरताना हा फरक शेवटच्या काही फुटांत अंगावर येतो.

गो-अराऊंडचा सराव वारा नसतानाच करून ठेवा: पूर्ण पॉवर, कार्ब हीट बंद, नाक सावरलेलं, फ्लॅप टप्प्याटप्प्यानं वर. आणि किती सरकलं की परत फिरायचं ती रेघ जमिनीवर असतानाच आखा. माझी आता अशी आहे: चाकं टेकण्याआधी मध्यरेषा दोन्ही चाकांच्या मधून निसटली की वर. हँगरसमोर कोण उभं आहे ते बघायचं नाही.

शिकताना इन्स्ट्रक्टरकडे वाऱ्याचे दिवस मागून घ्या. रोज पहाटेची शांत वेळ गाठून तास भरता येतात, लॉगबुक जाड होतं आणि पहिला खरा आडवा वारा तुम्ही एकटे असताना भेटतो.

माझ्या लॉगबुकात त्या दिवसाच्या ओळीनंतर बराच काळ काही नाही. पुढची नोंद ड्युअलची, म्हणजे इन्स्ट्रक्टरसोबतची आहे, 1 तास 10 मिनिटं, वारा 11 नॉट आडवा, सात अप्रोच, चार लँडिंग. शेऱ्याच्या रकान्यात इन्स्ट्रक्टरनं लिहिलंय: तीन गो-अराऊंड, स्वतःहून. ठीक.