फ्रान्समधील हिंदी सैनिकांची पत्रे

टपाल तिकिटांचा छंद असणाऱ्या मित्रांनी १९१४ सालचे एक तिकीट अवश्य पाहिले असेल. पंचम जॉर्जचे नेहमीचेच हिंदुस्थानी तिकीट, पण त्यावर काळ्या शाईत 'आय. ई. एफ.' ही तीन अक्षरे छापलेली. इंडियन एक्स्पिडिशनरी फोर्स, म्हणजे पहिल्या महायुद्धात समुद्रापार पाठविलेली हिंदी फौज. तिच्या निरनिराळ्या दलांना इंग्रजी अक्षरे दिलेली होती. 'ए' दल फ्रान्सला गेले. आपली पुणे डिव्हिजन मेसोपोटेमियातील 'डी' दलात होती.

या फौजेबरोबर तिचे पोस्टही गेले. रणभूमीवरील पोस्ट ऑफिसच्या शिक्क्यावर गावाचे नाव नसे. असे तो केवळ क्रमांक आणि तारीख. गावाचे नाव छापणे म्हणजे फौजेचा मुक्काम शत्रूला सांगणेच. साहजिकच पत्र हाती पडले तरी मुलगा नेमका कोठे आहे, हे घरच्यांना शिक्क्यावरून उमगत नसे.

हिंदी सैनिक सप्टेंबर १९१४ च्या अखेरीस मार्सेय बंदरात उतरले. पुढे त्यांच्या टपालावर देखरेख करण्यासाठी हॉवेल या अधिकाऱ्याच्या हाताखाली स्वतंत्र सेन्सॉर कचेरी स्थापन झाली. ती बुलोन येथे होती. पलटणीतील अधिकारी पत्रे तपासत, त्यानंतर ही कचेरी. १९१५ च्या वसंत ऋतूत आठवड्याला दहा ते वीस हजार पत्रे लिहिली जात होती. उर्दू, गुरुमुखी, हिंदी अशा लिप्यांतील हा ढीग मूठभर माणसांनी संपूर्ण वाचणे शक्यच नव्हते. निवडक पत्रांचे इंग्रजी भाषांतर करून, सैनिकांच्या मनःस्थितीविषयी अहवाल वरिष्ठांकडे धाडला जाई.

आपले पत्र कोणी परका वाचणार, हे सैनिकही जाणून होते. मग त्यांनी मसाल्याच्या डब्याचा आश्रय घेतला! काळी मिरी म्हणजे हिंदी सैनिक, लाल मिरची म्हणजे गोरे. काळी मिरी संपत आली, असे घरी कळविले की भाऊबंदांनी काय ते समजावे. अर्थात सेन्सॉरलाही ते समजलेच, म्हणून तर आज आपल्याला ठाऊक आहे. कोणी युद्धाची तुलना महाभारताशी केली, कोणी भावाला भरती होऊ नको असे आडून सुचविले.

येथे अभ्यासकाने एक सावधगिरी बाळगली पाहिजे. पुष्कळ सैनिक निरक्षर असल्याने पत्र दुसऱ्याकडून लिहवून घेत, आणि गावीही ते दुसराच कोणी वाचून दाखवी. म्हणजे मनातले दुःख लेखनिकाच्या कानांतून, सेन्सॉरच्या डोळ्यांखालून आणि अखेर भाषांतरकाराच्या लेखणीतून आपल्यापर्यंत आलेले आहे. मला तर सर्वांत जास्त खटकते ते हे भाषांतरच. आईला मारलेली हाक कोणत्या शब्दांत होती, हे इंग्रजी उताऱ्यावरून कसे कळावे?

१९१५ च्या अखेरीस पायदळ फ्रान्समधून हलविण्यात आले. घोडदळ १९१८ पर्यंत तेथे राहिले. सेन्सॉरचे अहवाल आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. डेव्हिड ओमिसी यांनी त्यांतील निवडक उतारे १९९९ मध्ये प्रसिद्ध केले. गावोगावच्या पेट्यांतील मूळ कागद मात्र बहुतेक नाहीसे झाले.