तीन फेजच्या घरात न्यूट्रल सांभाळा



घरी पिठाची गिरणी किंवा मोठा पंप असला, की बहुधा तीन फेजची जोडणी घेतात. खांबावरून चार तारा येतात : तीन फेजच्या आणि एक न्यूट्रल. फेज व न्यूट्रल यांच्यात सुमारे २३० व्होल्ट दाब असतो. दोन फेजमध्ये मात्र सुमारे ४०० व्होल्ट. आपले दिवे, पंखे, टीव्ही २३० व्होल्टसाठीच बनवलेले असतात.

प्रत्येक फेजवर हा दाब सारखा राहतो तो न्यूट्रलमुळे. ती तुटली किंवा सैल झाली तर काय होते? समजा, एका फेजवर १००० वॅटची इस्त्री आणि दुसऱ्या फेजवर १०० वॅटचा साधा बल्ब चालू आहे. तिसऱ्या फेजवर काही नाही. न्यूट्रल सुटताच ही दोन्ही उपकरणे ४०० व्होल्टवर एका माळेत जोडल्यासारखी होतात. इस्त्री जेमतेम कोमट राहते आणि बल्बच्या वाट्याला सुमारे ३६० व्होल्ट येतात. बल्बच्या जागी टीव्ही असेल तर तो जळेल, आगही लागू शकेल. वाहणारा प्रवाह थोडाच असल्याने फ्यूज मात्र उडत नाही.

खूण ओळखा : काही दिवे एकाएकी फार प्रखर आणि त्याच वेळी काही मंद झाले, की लगेच मेन स्विच बंद करा आणि वायरमनला बोलवा. तुटलेल्या न्यूट्रलला हात लावू नका. चालू उपकरणातून तिच्यात वीज उतरलेली असते.

वायरमनकडून एवढे पाहून घ्या :

१. न्यूट्रलच्या तारेत वेगळा फ्यूज नसावा.

२. मेन स्विच तिन्ही फेज एकदम बंद करणारा असावा. एका खोलीत अंधार झाला म्हणजे घरातली वीज गेली असे नव्हे.

३. न्यूट्रलचे जोड घट्ट असावेत. जोड काळवंडला असेल तर तो सैल आहे असे समजा.

४. अर्थिंगची तार न्यूट्रल म्हणून कधीही वापरू नये. तसे केल्यास उपकरणाच्या लोखंडी अंगात वीज उतरून जीव जाऊ शकतो.

५. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. विजेच्या धक्क्यापासून तो वाचवतो. पण न्यूट्रल तुटल्यावर वाढणारा दाब तो रोखत नाही. त्यासाठी दाब वाढताच वीज तोडणारे वेगळे उपकरण मिळते.

पावसाळ्यापूर्वी दरवर्षी ही तपासणी करून घ्या. मुलांनाही दिव्यांची ही खूण आणि मेन स्विचची जागा दाखवून ठेवा.