मी का लिहितो? (गीता, अध्याय १७, श्लोक १५)



आजचा श्लोक सतराव्या अध्यायातला पंधरावा. चौदाव्यात भगवंत शरीराचं तप सांगतात, सोळाव्यात मनाचं आणि मधे हा वाणीचा श्लोक. तप म्हटलं की आपल्याला गुहा नाहीतर कडक उपास आठवतो. हे तप मात्र हिंजवडीच्या बसमध्ये बसूनही करता येतं. बोलणं कुणाला अस्वस्थ करणारं नको, खरं हवं, प्रिय हवं आणि हिताचं हवं. आणि हे चारही एकाच वेळी! खरं पण बोचरं चालत नाही, गोड पण खोटं तर नाहीच नाही.

याच श्लोकात पाचवी गोष्ट येते, ती म्हणजे स्वाध्यायाचा अभ्यास. स्वाध्याय म्हणजे मुळात आपल्या वेदशाखेचं रोजचं पठण. पुढे धर्मग्रंथांचं नित्य वाचन-मनन असा अर्थ रुळला. पण वाणीच्या तपात स्वाध्याय का? मला वाटतं, आत जे साठतं तेच तोंडातून बाहेर पडतं. दिवसभर रील्स आणि ऑफिसच्या कुरबुरीच आत गेल्या, तर शब्द वेगळे कुठून येणार?

आता थोडं माझ्याबद्दल, कारण ऑफिसातला एक मित्र परवा म्हणाला, "तू ना कीर्तनकार, ना शास्त्री. मग रोज गीतेवर कशाला लिहितोस?"

मी चोपड्याचा. सातपुड्याच्या पायथ्याचं, केळीच्या बागांचं आमचं गाव. इंजिनिअरिंग केलं आणि सॉफ्टवेअरमध्ये लागलो. आवडी साध्या आहेत: जुनी पुस्तकं, प्रवासात कीर्तनं ऐकणं आणि गावी गेलो की उनपदेवच्या गरम पाण्याच्या झऱ्यापर्यंत गाडीवर एक चक्कर.

लिहिण्याचं कारण आमच्या घरातल्या एका पुस्तकात आहे. आप्पा रोज पहाटे विनोबांची 'गीता प्रवचने' वाचायचे. ते गेल्यावर ती प्रत माझ्याकडे आली. पानोपानी पेन्सिलीच्या रेघा आहेत, पण समासात एकही शब्द नाही. कर्मयोगाच्या एका ओळीखाली तर तीनदा रेघ ओढलीय. त्यांना तिथे काय दिसलं होतं? आता विचारायला ते नाहीत.

गंमत बघा, हे पुस्तकच मुळी कुणीतरी लिहून ठेवलं म्हणून आपल्याला मिळालं. १९३२ साली विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत, दर रविवारी एक, अशा अठरा रविवारी अठरा अध्यायांवर ते बोलले. साने गुरुजी त्याच तुरुंगात होते. त्यांनी ती प्रवचनं ऐकता ऐकता उतरवून घेतली. गुरुजींना रोज लिहिण्याची सवय जुनी होती. आमच्याकडून तापी ओलांडली की अमळनेर. तिथे शिक्षक असताना ते वसतिगृहातल्या मुलांसाठी स्वतःच्या हाताने 'छात्रालय दैनिक' लिहीत. वाचक किती? वसतिगृहात मुलं असतील तेवढे!

विचार करा, त्या रविवारी गुरुजी नुसते ऐकत बसले असते तर? ऐकणाऱ्यांचं समाधान झालं असतं आणि शब्द तुरुंगाच्या भिंतीतच विरले असते. ऐकणाऱ्यानं लिहून ठेवणं हीसुद्धा वाणीचीच सेवा आहे. त्यासाठी शास्त्री असावं लागत नाही, लक्ष देऊन ऐकावं लागतं. आम्ही कोडमध्ये कमेंट लिहितो ना, तसंच हे. पुढे कुणी ती फाईल उघडली, तर इथे असं का केलंय हे त्याला कळावं.

पण सावध! याच अध्यायात तीन श्लोक पुढे, अठराव्यात, भगवंत राजस तप सांगतात: सत्कार, मान आणि पूजा मिळावी म्हणून दिखाव्यानं केलेलं. ते टिकत नाही, असंही सांगतात. आज आपण त्याला लाइक्स म्हणतो. त्यामुळे लिहून झाल्यावर मी तेच चार प्रश्न विचारतो: कुणाला दुखावतंय का? खरं आहे का? वाचायला बरं वाटेल का? कुणाच्या कामाचं आहे का? एकाचंही उत्तर बरोबर आलं नाही, तर ती ओळ काढतो. अशानं कधी कधी पानाच्या चारच ओळी उरतात. उरू देत.

आजचा अभ्यास: श्लोक तीनदा वाचा. घरात कुणाची जुनी पोथी असेल तर उघडा. रेघ दिसली आणि ती ओढणारं माणूस अजून घरात असेल, तर आजच विचारा, "इथे रेघ का मारली?" ते जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा, तारखेसकट.

उद्या सोळावा श्लोक, मनाचं तप.

राम कृष्ण हरी!