घराचा नकाशा सूर्याला दाखवा

घर बांधायचे ठरले की त्याचा नकाशा घरोघर फिरतो. मामा म्हणतात, बैठक मोठी हवी. मिस्त्री म्हणतो, जिना बाहेरून घ्या. आजी विचारते, देवघर कुठे? प्रत्येकाचे मत घेतले जाते. पण ज्याच्याशी त्या घराची रोज गाठ पडणार, त्या सूर्याचे मत मात्र कोणी घेत नाही. ते घेणे अवघड नाही. नववी-दहावीची भूमिती तेवढ्यासाठी पुरते.

बीड शहर सुमारे १९ उत्तर अक्षांशावर आहे. २२ डिसेंबरला सूर्य विषुववृत्ताच्या २३.४ अंश दक्षिणेला असतो. म्हणून त्या दिवशी बीडला मध्यान्हीची त्याची उंची ९० − १९ − २३.४, म्हणजे ४७.६ अंश भरते. २१ मार्चला ती ७१ अंश होते. मेच्या मध्याला सूर्य थेट डोक्यावर येतो आणि काडीची सावली तिच्या बुडाशी नाहीशी होते. त्यानंतर जुलैच्या अखेरीपर्यंत तो मध्यान्ही चक्क उत्तरेकडे असतो. (मध्यान्ह म्हणजे घड्याळातले बारा नव्हेत, बरे का! आपली प्रमाणवेळ ८२.५ पूर्व रेखांशाची आहे. बीड त्याच्या पश्चिमेला असल्याने येथे मध्यान्ह साधारण सव्वाबारा ते पाऊण या वेळात होते.)

आता प्रयोग करू. एक सपाट फळी घ्या. १ फुटाला १ सेंटिमीटर या प्रमाणात तीवर नकाशा काढा. घर ३० फूट बाय ४० फूट असेल, तर ३० बाय ४० सेंटिमीटरचा. पुठ्ठ्याच्या १० सेंटिमीटर उंचीच्या भिंती उभ्या करा. खिडक्या ४ सेंटिमीटर उंचीच्या कापा आणि त्यांच्या वरच्या कडेला २ सेंटिमीटरचा छज्जा चिकटवा. फळीच्या मोकळ्या कोपऱ्यात १० सेंटिमीटरची काडी उभी करा आणि काडीच्या बुडापासून मोजून चार खुणा करा : २२ डिसेंबरच्या मध्यान्हीसाठी उत्तरेला ९.१ सेंटिमीटरवर, २१ मार्चच्या मध्यान्हीसाठी उत्तरेला ३.४ वर, २१ जूनच्या मध्यान्हीसाठी दक्षिणेला ०.८ वर, आणि मेच्या मध्याला दुपारी ४ साठी पूर्वेला १२ व तेथून दक्षिणेला २ सेंटिमीटरवर.

ही फळी कोणत्याही दिवशी उन्हात न्या. काडीच्या सावलीचे टोक हव्या त्या खुणेवर येईपर्यंत फळी फिरवा, तिरपी करा. टोक खुणेवर आले की त्या दिवशी, त्या वेळी ऊन तुमच्या घरात कसे शिरेल ते समोर दिसते. सूर्याचे किरण आपल्यापर्यंत जवळजवळ समांतर येतात. म्हणून सूर्य हलला काय किंवा फळी कलली काय, घराच्या दृष्टीने फरक नाही. वर्षभर थांबण्याचे काम पाच मिनिटांत होते.

दक्षिणेची खिडकी आधी पाहा. डिसेंबरच्या खुणेवर छज्जाची सावली २.२ सेंटिमीटर खाली येते आणि उरलेल्या खिडकीतून ऊन आत उतरते. थंडीत ते हवेच असते. मार्चच्या खुणेवर सावली ५.८ सेंटिमीटर होते, खिडकी पुरती झाकली जाते. त्यातही गंमत अशी, की विषुवदिनी दक्षिण भिंतीवरची ही सावली सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्याच उंचीवर राहते. का, ते आकृती काढून शोधा. दोन फुटांचा छज्जा काय करू शकतो ते येथे कळते.

आता चौथी खूण. पश्चिमेच्या खिडकीवर तोच छज्जा ४ पैकी जेमतेम १.६ सेंटिमीटर सावली देतो. पाच वाजता तर एकच. ऊन आडवे येत असताना छज्जा वाढवून कितीसा वाढवणार? आणि भिंतीचे काय? नऊ इंची विटांच्या भिंतीतून उष्णता आतल्या बाजूला पोहोचायला सुमारे सहा-सात तास लागतात. चार वाजता तापलेली भिंत रात्री दहा-अकराला, नेमकी अंथरूण टाकण्याच्या वेळी, आत ऊब देऊ लागते. झोपण्याची खोली पश्चिमेला ठेवून मग कूलर घेणारी घरे मला तरी अजब वाटतात. तेथे जिना, न्हाणीघर, धान्याची कोठी जाऊ द्या.

जुन्या माळवदाच्या घरांत दोन-अडीच फुटी भिंतींमुळे हा त्रास नव्हता. उष्णतेची लाट आत पोहोचेपर्यंत विरून जाई. पण दगड-मातीच्या त्याच भिंती ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात शेजारच्या लातूर जिल्ह्यात माणसांवर कोसळल्या. तेव्हा नुसती जाडी परत आणणे हा उपाय नव्हे.

रस्ताच पश्चिमेला असेल तर? बैठक तिकडेच येणार, आणि पावसाळी वाराही बहुधा त्याच बाजूचा, म्हणून भिंत बंद करूनही चालत नाही. खिडकी ठेवा, पण ऊन काचेच्या बाहेरच अडवा : बाहेरची झडप, चटई, खाली उतरलेली पडवी, अंगणात लिंब. आतला पडदा आधी स्वतः तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते. वाऱ्यासाठी नकाशावर पेन्सिलीने पश्चिमेच्या खिडकीपासून पूर्वेच्या खिडकीपर्यंत रेघ ओढा. रेघ भिंतीला अडली, तर वाराही अडेल.

सूर्याचे उत्तर मिळाले, तरी कोणत्या खुणेला किती महत्त्व द्यायचे ते घरातली माणसेच सांगतील. आपल्या जिल्ह्यातील हजारो कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीला जातात आणि उन्हाळ्यात परततात. त्यांचे घर थंडीत बंदच असते. त्यांनी डिसेंबरची खूण खुशाल पुसून टाकावी आणि चौथ्या खुणेवर फळी धरून बसावे. घरी म्हातारी माणसे राहणार असतील, तर त्यांची खाट कोठे पडणार ते विचारून ती पुठ्ठ्याची करून त्या जागी ठेवा, आणि चारही खुणा पुन्हा एकदा फिरवून पाहा.